गोळी, नळी आणि कागद

‘बंदूक’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की तो कुठून आला, हे आपल्या मनातही येत नाही. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे एक गोल, टणक कवचाचे फळ. त्याच्या आकारावरून धनुष्यातून मारायच्या मातीच्या गोळ्यांना ते नाव मिळाले आणि पुढे ज्या नळीतून शिशाची गोळी उडते त्या हत्यारालाही. फारसीच्या वाटेने तो शब्द मराठीत आला. त्याच्याबरोबर ‘दारू’ आली. तिचा फारसीतला अर्थ औषध असाही आहे. ‘काडतूस’ पोर्तुगीजांकडून आले आणि नेमबाजीच्या सरावाच्या जागेला आपण ‘चांदमारी’ हे देखणे नाव दिले. निशाणावरचा गोल ठिपका म्हणजे चांद, आणि त्यावर मारा करायचा म्हणून चांदमारी.

शब्दांच्या या नादानेच मी बंदुकीच्या इतिहासाकडे वळलो. मला वाटले होते, हा लढायांचा आणि शूरवीरांचा इतिहास असेल. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग एका साध्या प्रश्नाचा निघाला. नळीतून सुटलेली गोळी जिथे नेम धरला तिथेच जाते का? आणि जात असेल, तर ते आपल्याला कशावरून कळले? आज अमेरिकेतल्या एखाद्या चांदमारीवर कुणी दुर्बीण लावलेल्या छर्र्याच्या बंदुकीतून एकेक जड गोळी कागदावर झाडून पाहतो, तेव्हा तोही हाच अडीचशे वर्षांहून जुना प्रश्न विचारत असतो.

मूळ अडचण अशी. जुन्या ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडाकडून भरून गजाने ठासावी लागे. चार-दोन बारांनंतर नळीत काजळी साचे. लढाईत शिपायाला घाई असणार, म्हणून गोळी नळीपेक्षा मुद्दाम थोडी लहान ठेवत. मग ती नळीतून जाताना या भिंतीवर, त्या भिंतीवर आपटत जाई, आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्याप्रमाणे भिरभिरत बाहेर पडे. ऐंशी-शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरण्यात फारसा अर्थ नसे. म्हणून तर पलटणी खांद्याला खांदा लावून उभ्या राहत आणि एकदम बार काढत. एकाची गोळी चुकली तरी शंभरांतल्या काही लागतील, हा त्यामागचा हिशेब होता.

ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण ती मोजली नव्हती कुणी. ते काम केले बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. त्याचा जन्म 1707 सालचा, बाथ शहरातला. आईवडील क्वेकर, म्हणजे युद्ध निषिद्ध मानणाऱ्या पंथाचे. अशा घरातल्या मुलाने 1742 साली तोफ-बंदुकीच्या शास्त्रावर पायाभूत ग्रंथ लिहिला. त्याची युक्ती अगदी साधी होती. लाकडाचा जाड ठोकळा लोलकासारखा टांगायचा आणि त्यावर गोळी झाडायची. ठोकळा किती मागे झुलला यावरून गोळीचा वेग काढायचा. अंतर वाढवत गेले की झोका कमी होतो, म्हणजे हवेने गोळीचा किती वेग खाल्ला तेही कळते. तोवर बहुतेकांचा समज असा होता की, इतक्या जड आणि वेगवान शिशाला हवा काय अडवणार? रॉबिन्सने दाखवून दिले की हवा अडवते, आणि भरपूर अडवते.

त्याचा दुसरा प्रयोग मला त्याहून आवडतो. गोळी वाट सोडते ती तिच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यामुळे, असा त्याचा कयास होता. तो पडताळण्यासाठी त्याने एका बंदुकीची नळी टोकाजवळ डावीकडे वाकवली आणि समोर ओळीने पातळ कागदाचे पडदे उभे केले. गोळी आधी डावीकडे निघाली, हे अपेक्षितच होते. पण पडद्यांवरची भोके पाहिली तर ती पुढे उजवीकडे वळत गेली होती. वाकड्या नळीत एका अंगाला घासत गेल्याने तिला जी फिरकी मिळाली, त्या फिरकीने तिला उलट्या दिशेला ओढले होते. क्रिकेटमध्ये फिरकीचा चेंडू हवेतच वळतो, त्याचे कारणही हेच. ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने 1745 साली रॉबिन्सच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले, पण हे स्पष्टीकरण काही त्याला पटले नाही. गोळीच ओबडधोबड असेल, असे त्याचे म्हणणे पडले. पुढे शंभर वर्षांनी माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाने तेच सिद्ध केले आणि त्या परिणामाला नावही माग्नुसचेच मिळाले. कागद मात्र रॉबिन्सच्या बाजूने आधीच बोलला होता.

रॉबिन्सने यातून उपायही सांगितला. फिरकी टळत नसेल तर ती आपल्याला हवी तशी द्यावी. नळीच्या आत पिळदार खाचा पाडाव्यात, म्हणजे गोळी भोवऱ्यासारखी आपल्या जाण्याच्या दिशेभोवतीच फिरत जाईल आणि सरळ राहील. 1747 साली त्याने रॉयल सोसायटीपुढे हा विचार मांडला. जे राष्ट्र ही बंदूक आधी आपलीशी करील ते इतरांच्या पुढे जाईल, असे भाकीतही केले. त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीने त्याला आपल्या किल्ल्यांच्या दुरुस्तीसाठी हिंदुस्थानात पाठवले. इथला उन्हाळा आणि ताप त्याला मानवला नाही. 1751 साली, कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड इथे तो वारला. त्याच्या भाकिताचा सगळ्यात मोठा प्रत्यय याच देशात यायचा होता.

पिळाच्या बंदुका त्याआधीही होत्या. जर्मन शिकारी त्या वापरत. पण गोळी खाचांत घट्ट बसवायची तर ती गजाने ठोकून ठोकून आत घालावी लागे. शिकाऱ्याला तेवढी सवड असते, शिपायाला नसते. म्हणजे घट्ट गोळी नेमकी पण संथ, आणि सैल गोळी जलद पण बेभरवशाची. भरताना सैल असेल आणि सुटताना घट्ट होईल अशी गोळी करता येईल का?

याचे उत्तर सापडण्यात आपल्या मुलखाचा हात होता, असे सांगतात. 1820 च्या दशकात नॉर्टन नावाच्या इंग्रज कॅप्टनने दक्षिण हिंदुस्थानात फुंकणीने बाण मारणारे लोक पाहिले. त्या बाणांच्या बुडाशी कमळाच्या देठाचा मऊ गाभा लावलेला असे. फुंक मारली की तो फुगून नळीच्या भिंतीला चिकटे आणि हवा वाया जात नसे. नॉर्टनने त्यावरून मागच्या बाजूने पोकळ अशी लांबट गोळी केली. दारूचा भडका उडाला की तिचे बूड फुगावे, ही कल्पना. 1835 साली विल्यम ग्रीनर या बंदूक बनवणाऱ्याने अशीच फुगणारी गोळी तयार केली. टाइनमाउथला सैनिकांकडून तिची परीक्षा झाली आणि ती उत्तम उतरली. तरीही, गोळी एकसंध नाही, तिला वेगळे बूच लावावे लागते, या कारणाने सरकारने ती बाजूला सारली. पुढे 1849 साली फ्रेंच अधिकारी मिनिए याची गोळी गाजली, आणि इंग्लंडने त्याला 20,000 पौंड दिले. ग्रीनर भांडत राहिला. शेवटी कल्पना आधी मांडल्याबद्दल त्याला 1,000 पौंड मिळाले. ते साल होते 1857!

आता हे साल उच्चारले की आपल्याला इंग्लंडातला ग्रीनर आठवत नाही, मंगल पांडे आठवतो. दोन्ही गोष्टी एकाच गोळीच्या आहेत. मिनिएच्या तत्त्वावरची 1853 ची एनफिल्ड रायफल कंपनीच्या फौजेत आली, तेव्हा डमडम, अंबाला आणि सियालकोट इथे तिच्या चांदमारीचे वर्ग सुरू झाले. जुन्या बंदुकीचा पल्ला शंभर यार्डांचा, तर हिच्यावर नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. पण पिळाच्या नळीत गोळी सुळकन सरकायची तर तिच्याभोवतीच्या कागदाला वंगण हवे. ते वंगण म्हणजे मेण आणि जनावराची चरबी. काडतुसाचे टोक दातांनी फाडायचा रिवाज होता. चरबी कोणत्या जनावराची, याची खबरदारी घेतलेली नव्हती. गाईची असेल तर हिंदू शिपायाचा धर्म बुडाला आणि डुकराची असेल तर मुसलमान शिपायाचा. दोन वेगळ्या श्रद्धांना एकाच चिमूटभर वंगणाने एका बाजूला आणून उभे केले.

कंपनीच्या अधिकाऱ्यांना धोका उशिरा का होईना, उमगला. शिपायांनी वंगण स्वतः तयार करावे, दातांऐवजी हाताने काडतूस फाडावे, अशा सवलती दिल्या गेल्या. पण तोवर संशय चरबीवरून कागदावर गेला होता. कागदाला चकाकी कसली? 26 फेब्रुवारी 1857 रोजी बऱ्हाणपूरला नव्हे, बंगालमधल्या बहरामपूरला, 19 व्या पलटणीने काडतुसे घ्यायला नकार दिला. 29 मार्चला बराकपूरला मंगल पांडेने शस्त्र उचलले. 24 एप्रिलला मेरठच्या कवायतीत तिसऱ्या घोडदळाच्या 90 पैकी 85 जवानांनी काडतुसांना हात लावला नाही. ती काडतुसे तर जुन्याच, नेहमीच्या पद्धतीची होती! 9 मे रोजी त्या 85 जणांच्या पायांत सगळ्यांसमोर बेड्या ठोकल्या गेल्या आणि 10 मेला मेरठ पेटले.

1857 ची कारणे अनेक होती. खालसा केलेली संस्थाने होती, जमिनींचे प्रश्न होते, पगार आणि मानापमान होते. काडतूस ही ठिणगी. पण मला त्या ठिणगीत एक धडा दिसतो. नव्या गोळीची परीक्षा इंग्लंडात काटेकोर झाली होती. ती किती दूर जाते, किती सरळ जाते, दमट हवेत काय होते, सगळे तपासले गेले. एकच गोष्ट कुणी तपासली नाही. हे काडतूस ज्याच्या दातांत जाणार, त्याला काय वाटेल? निशाणाच्या कागदावर त्या प्रश्नाचे भोक पडत नाही. ते विचारायला माणसासमोर बसावे लागते, आणि राज्यकर्त्याला नेमके तेच अवघड जाते.

यानंतरची गोष्ट शिकारीच्या बंदुकीची. सैन्याने पिळाची नळी घेतली, पण पक्षी मारणाऱ्याला ती चालत नाही. छर्रे फिरकीने पांगतात, म्हणून त्याची नळी गुळगुळीतच राहिली. ही आपल्याकडे सर्वांना ठाऊक असलेली ‘बारा बोअर’. बारा बोअर म्हणजे, एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड होईल तेवढी नळी, साधारण साडेअठरा मिलिमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नळीचे तोंड किंचित आवळायची पद्धत आली. त्याला चोक म्हणतात. त्यामुळे छर्रे एकवटून जातात. ते किती एकवटतात हे ठरवण्यासाठी इंग्लंडातल्या ‘द फील्ड’ या नियतकालिकाने जाहीर परीक्षा घेतल्या. चाळीस यार्डांवरच्या तीस इंची वर्तुळात किती छर्रे बसले ते सरळ मोजायचे, हे माप रूढ झाले. 1875 च्या परीक्षेत बाजी मारली डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरने, आधी सांगितलेल्या ग्रीनरच्या मुलाने. बापाची गोळी परीक्षेत उतरूनही नाकारली गेली. मुलाच्या वेळी आकडे जाहीर छापून आले, त्यामुळे ते दडपणे शक्य नव्हते.

पण चोकने नवी पंचाईत केली. जंगलात तित्तिराच्या मागे निघालेल्या माणसासमोर एकदम रानडुक्कर आले तर? त्याच नळीतून एकच मोठी गोळी मारायची सोय हवी. आवळलेल्या तोंडातून ती जाणार कशी आणि सरळ राहणार कशी? यावरचा उपाय शोधला जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बरी याने. हा बंगालच्या फौजेतला अधिकारी, 1863 साली सरहद्दीवरच्या अंबेला मोहिमेत त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. 1885 साली त्याने पेटंट घेतले. सगळी नळी गुळगुळीत, फक्त तोंडाशी दोनेक इंचांत पिळाच्या खाचा. छर्रेही चालतील, गोळीलाही जाता जाता फिरकी मिळेल. हॉलंड अँड हॉलंड कंपनीने ही बंदूक ‘पॅराडॉक्स’ म्हणजे विरोधाभास या नावाने विकली. हिंदुस्थानातले साहेब आणि संस्थानिक यांच्यात ती फार लोकप्रिय झाली.

पॅराडॉक्स महाग होती. साध्या बंदुकीसाठी स्वस्त उपाय 1898 साली जर्मनीत लाइपझिगच्या विल्हेल्म ब्रेनेकेने काढला. जड शिशाच्या गोळीच्या मागे त्याने नमद्याची चकती पक्की जोडली. पुढे वजन, मागे हलके शेपूट, म्हणजे गोळी बाणासारखी तोंड पुढे करूनच जाते. 1931 साली, मंदीच्या दिवसांत, अमेरिकेत कार्ल फॉस्टरने आणखी सोपे केले. हेतू हा की, गरीब शेतकऱ्याला घरच्या साध्या बंदुकीने हरीण मारून चार दिवसांच्या मांसाची सोय करता यावी. त्याची गोळी, म्हणजे स्लग, मागून पोकळ आणि पुढून भरीव. बॅडमिंटनच्या फुलाची चाल आठवा, की तिचे तत्त्व लगेच कळेल. जो खेळ आपल्या पुण्यातल्या छावणीत ‘पूना’ या नावानेही खेळला गेला, त्यातले फूल कसेही मारले तरी बूच पुढे करूनच जाते. स्लगच्या अंगावर तिरक्या खाचा असतात. त्या पाहून लोकांना वाटते की त्यांच्यामुळेच ती फिरते. खरे तर त्यांचे मुख्य काम चोकमधून जाताना दबून वाट करून देणे एवढेच.

1980 च्या दशकात अमेरिकेत छर्र्याच्या बंदुकीलाही संपूर्ण पिळाच्या नळ्या आल्या, प्लॅस्टिकच्या वेष्टणातल्या लहान गोळ्या आल्या आणि वर दुर्बीण चढली. याचे कारण कायद्यात होते. सपाट, दाट वस्तीच्या काही राज्यांत हरणाच्या शिकारीला रायफल चालत नसे, कारण तिची गोळी फार दूर जाते. स्लग लवकर खाली येते म्हणून ती सुरक्षित, असे मानले जाई. 2007 साली पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळासाठी झालेल्या अभ्यासाने या समजालाच धक्का दिला. नेम जमिनीला समांतर असेल तर स्लग जमिनीवरून उसळून रायफलच्या गोळीपेक्षाही दूर जाऊ शकते, असे त्यात दिसले. कित्येक वर्षांचा समज होता, पण तपासायला गेल्यावर चित्र वेगळे निघाले.

अशा बंदुकीची परीक्षा करतात ती कशी? बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची, म्हणजे हाताचा कंप वजा होतो. पन्नास किंवा शंभर यार्डांवर कागद लावायचा. एकाच जातीची तीन किंवा पाच काडतुसे, प्रत्येक वेळी अगदी त्याच ठिपक्यावर नेम धरून झाडायची. मध्ये नळी थंड होऊ द्यायची. मग सर्वात दूरच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर मोजायचे. नंतर दुसऱ्या कंपनीची काडतुसे घेऊन पुन्हा तेच. यात गंमत अशी की, एका नळीत उत्तम चालणारे काडतूस शेजारच्या, तशाच दिसणाऱ्या नळीत भरकटते. छापील जाहिरात काही म्हणो, उत्तर त्या नळीकडूनच घ्यावे लागते. बारा बोअरची सुमारे अठ्ठावीस ग्रॅमची स्लग खांद्याला असा हिसका देते की, चार-पाच बारांनंतर चाप ओढण्याआधीच माणूस आकसतो. मग कागदावर बंदुकीचा नव्हे, माणसाच्या धास्तीचा हिशेब उमटू लागतो.

या पद्धतीतल्या दोन गोष्टी मला बंदुकीपलीकडच्या वाटतात. पहिली ही की, सगळी भोके ठिपक्यापासून दूर, पण एकमेकांजवळ पडली असतील तर काळजी नाही. दुर्बिणीचा स्क्रू थोडा फिरवला की काम झाले. पण भोके चहूकडे विखुरलेली असतील तर दुर्बीण कितीही भारी असो, उपयोग नाही. दुर्बीण फक्त दाखवते, सुधारत नाही. दुसरी, पाचातली एक गोळी दूर गेली की माणूस म्हणतो, ही मोजायची नाही, माझा हात हलला होता. उरलेल्या चार छान जमल्या म्हणून खूश होतो. प्रत्यक्ष जंगलात मात्र त्याच्याकडे एकच गोळी असते, आणि ती पाचवी नसेलच असे कुणी सांगावे? ती चुकली तर कागदाचे काही जात नाही. पोटात गोळी घेऊन पळालेले हरीण दिवसभर तडफडत मरते. म्हणून दूर गेलेले भोकही मोजणे हा नुसता गणिताचा नियम राहत नाही.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचे दिवस संपवले, आणि ते बरेच झाले. पण कागदावरची परीक्षा आपल्याकडे टिकली आणि फुलली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसला 50 मीटर रायफल प्रकारात ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले. या खेळात वरच्या पातळीवरचे नेमबाज काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि जो लॉट त्या नळीला मानवेल तोच घेतात. रॉबिन्सचा पातळ कागद इथवर आला आहे. त्यासमोर आता ना पलटण आहे, ना हरीण.

नेम धरणे, बार फुकट जाणे, फुसका बार, हे सगळे आपण बोलण्यात वापरतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्यांबद्दल वापरतो. आपल्या स्वतःच्या मतांचे, समजांचे कागद मात्र आपण सहसा तपासायला काढत नाही. काढलेच तर दूर पडलेली भोके बोटाने झाकतो. ग्रीनरचे कागद चांगले असून कुणी वाचले नाहीत, आणि 1857 च्या शिपायांना कुणी विचारलेच नाही. दोन्हींची किंमत पुढे मोजावी लागली. बंदुकीचा इतिहास वाचताना मला शौर्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचे वाटले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)